पाण्यावर टप्पे घेणारा दगड

सप्टेंबर २०२५मध्ये स्कॉटलंडहून एक बातमी आली. ईझडेल नावाच्या चिमुकल्या बेटावर पाण्यावरून दगड उडवण्याची जागतिक स्पर्धा भरते. त्या वर्षी काही स्पर्धकांनी आपले दगड घासूनघासून गोल गरगरीत करून आणले होते. संशय आला, विचारणा झाली, त्यांनी कबुली दिली आणि ते बाद झाले. अशा बातम्या सहसा ‘जगात काय काय चालतं’ म्हणून वाचल्या जातात आणि विसरल्या जातात. मला ही विज्ञानाच्या पानावर हवी होती. कारण दगड गोल केल्याने नेमका फायदा काय होतो, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या पार आतपर्यंत घेऊन जातो.

आधी बेटाबद्दल थोडं. ईझडेलवर मोटारी नाहीत, कायमची वस्ती साठेक माणसांची. एकेकाळी इथल्या खाणींतला पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, दूरदूरच्या घरांच्या छपरांवर चढत असे. नोव्हेंबर १८८१च्या वादळात समुद्र खाणींत घुसला आणि तो धंदा बसला. स्पर्धा होते ती अशाच एका पाण्याने भरलेल्या खाणीत. १९८३ साली ती सुरू झाली, मग खंड पडला आणि १९९७मध्ये बेटाच्या कामांसाठी पैसे उभे करायला ती पुन्हा भरवली गेली. दगड बेटावरचाच हवा, निसर्गाने घडवलेला हवा आणि तीन इंचांपेक्षा रुंद नको. किमान दोन टप्पे पडलेच पाहिजेत, मात्र विजेता ठरतो तो अंतरावर.

ही स्पर्धा तिथेच का रुजली याचं उत्तर तिथल्या जमिनीत आहे. चिखलमातीचे थर जमिनीखाली प्रचंड दाबाने आवळले गेले की त्यातली खनिजं एकाच दिशेने निजतात, आणि अशा खडकाचे पातळ, सपाट पापुद्रे निघतात. आपल्या जुन्या शाळेतली लाकडी चौकटीची पाटी अशाच खडकाची. आपल्याकडचा काळा पाषाण मात्र लाव्हा थंड होऊन झालेला. तो फुटतो तेव्हा त्याचे ठोकळे पडतात, आणि नदीत लोळूनलोळून त्याचे गोटे होतात. म्हणून नदीकाठी भाकऱ्या काढायला निघालेली पोरं चपटा दगड मिळाला नाही की कौलाचा तुकडा किंवा मडक्याची ठिकरी शोधतात. त्यांची निवड अगदी योग्य असते.

आता मूळ गोष्ट. दगड पाण्यापेक्षा जड, मग तो बुडत का नाही? पुष्कळांना वाटतं की पाण्याच्या पृष्ठताणामुळे. पृष्ठताण पाण्यावर चालणाऱ्या किड्याला पेलतो. दगडापुढे त्याचा काही पाड लागत नाही. खरं काम करतं ते पाण्याचं जडत्व. दगड वेगाने येऊन पाण्याला खाली आणि पुढे ढकलतो. पाण्याला इतक्या चटकन बाजूला होता येत नाही, आणि ते दगडाला उलट वर ढकलतं. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. प्रत्येक टप्प्यात थोडा वेग खर्ची पडतो, आणि तो एका मर्यादेखाली उतरला की दगड गपकन बुडतो.

पण वेग एकटा पुरत नाही. दगड पाण्याला टेकतो तो मागच्या कडेने, त्यामुळे वर ढकलणारा जोरही मागच्या बाजूलाच लागतो. नुसता फेकलेला दगड अशा वेळी नाकावर आपटून पहिल्याच टप्प्यात संपतो. म्हणून तर्जनी दगडाच्या कडेला गुंडाळून मनगटाचा झटका द्यायचा. गरगर फिरणारा भोवरा जसा ढकलला तरी पडत नाही, तसा फिरणारा दगड आपला कल धरून ठेवतो. जोर लागला की तो उलटत नाही, हळूहळू बाजूला कलतो. शेवटच्या टप्प्यांत दगडाची वाट वळताना दिसते, ती यामुळेच.

फ्रेंच शास्त्रज्ञ लिदेरिक बोके यांना त्यांच्या मुलाने दगड उडतो कसा असं विचारलं आणि ते कामाला लागले. २००४मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. यंत्राने फेकलेल्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांचं चित्रीकरण करून त्यांनी दाखवलं की चकती पाण्याशी सुमारे २० अंशांचा कोन करून आली, तर ती पाण्याला सर्वांत कमी वेळ टेकते. टेकणं जितकं थोडं, तितकी ऊर्जा कमी वाया जाते.

या हिशेबाने ईझडेलच्या लबाडीकडे पाहू. वेड्यावाकड्या कडेचा दगड फिरत असताना पाण्याला कधी त्याचं टोक लागतं, कधी खाच. प्रत्येक टप्पा निराळा पडतो आणि दगड डगमगू लागतो. गोल दगडाची कुठलीही बाजू मागे आली तरी पाण्याला ती सारखीच. म्हणजे घासणाऱ्यांनी फेकीतली अनिश्चितताच काढून टाकली होती, आणि या खेळात कस लागतो तो नेमका तिथे. समोर पडलेल्या शंभर ओबडधोबड तुकड्यांतून चांगला दगड ओळखणं हे अर्धं कौशल्य आहे. त्यांना बाद केलं हे मला पूर्णपणे योग्य वाटतं.

अमेरिकेत या खेळाची कसोटीच वेगळी. तिथे टप्पे मोजतात. पेनसिल्व्हेनियात ६ सप्टेंबर २०१३ रोजी कर्ट स्टायनर यांच्या दगडाने ८८ टप्पे घेतले, आणि चित्रफीत पाहून ते मोजले गेले. अंतराचा विक्रम स्कॉटलंडच्या डगी आयझॅक्स यांचा, २०१८ सालचा, १२१.८ मीटर. खेळ तोच, पण टप्पे मोजायचे तर ते छोटे आणि खूप हवेत. अंतर मोजायचं तर दर उडी लांब हवी. या दोन गोष्टी एकाच दगडाकडून, एकाच फेकीत मिळणं कठीण.

लांब उडीबद्दल २०२३मध्ये रायन पामर आणि फ्रँक स्मिथ या ब्रिटिश गणितज्ञांनी एक चकित करणारी गोष्ट गणिताने दाखवली. त्यांचा मूळ विषय विमानांवर साचणारं बर्फ आणि पाण्याचे थर हा होता. दगड जड असला आणि त्याचं बूड पुरेसं बाकदार असलं, तर तो पाण्याला जास्त वेळ दाबून धरतो आणि मग एकदम उंच उसळतो. टप्पे थोडे, पण उडी दणदणीत. आपल्या नद्यांतल्या गोट्यांनाही यात संधी आहे. पुढच्या वेळी नदीवर गेलात तर ठिकरीबरोबर एखादा जाडसर, बटाट्यासारखा गोटाही उचला. खाली वाका, हात पाण्याच्या जवळ आणा, पुढची कड किंचित वर ठेवा आणि जोरात फेका. समोर कोणी पोहत नाही ना, हे मात्र आधी बघा.