सरासरीने लोकल पकडता येत नाही : वेळ मोजण्याची थोडी पार्श्वभूमी

हल्ली कोणाला सकाळचं रुटीन सुधारायचं असलं की पहिल्यांदा फोनमधला टायमर निघतो. अंघोळ इतकी मिनिटं, नाश्ता इतकी, डबा इतकी, मग बेरीज आणि मग त्यातून काय काय कापता येईल याची झटापट. ही सवय आली कुठून हे शोधत मागे गेलं तर दोन वेगळे धागे हाताला लागतात. एक विचारतो की हे लवकर कसं होईल, आणि दुसरा विचारतो की रोज वेगवेगळा वेळ का लागतोय. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला खरी गरज दुसऱ्याची आहे आणि डोक्यात मात्र पहिलाच फिट बसलाय, असं माझं सरळ मत.

आधी घड्याळाचंच बघू. आपल्याकडे पूर्वी वेळ मोजायचेच नाहीत असं अजिबात नव्हतं. बुडाला बारीक भोक पाडलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं, अशा ६० घटिकांचा अख्खा दिवस आणि एका घटिकेत ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. बारकाई भरपूर होती, पण ती मुहूर्तासाठी आणि पंचांगासाठी, रोज कामाला किती वाजता निघायचं यासाठी नाही. रोजचं काम उन्हावरच चालायचं.

गंमत म्हणजे मुंबईतल्या सुरुवातीच्या कापड गिरण्यासुद्धा उन्हावरच चालायच्या. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडलं की गिरणी सुरू आणि मावळलं की बंद, उन्हाळ्यात १३-१४ तासांची हजेरी आणि हिवाळ्यात त्याहून कमी, म्हणजे कामाचा दिवसच वर्षभर लहानमोठा होत राहायचा. कामगाराकडे स्वतःचं घड्याळ नाही, उशीर झाला तर पगार कापणार, मग तो अंधारातच उठून गिरणीच्या दारात येऊन बसायचा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी होती आणि काम सकाळी साडेसहाच्या आधी सुरू करू नका हेही होतं. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे घड्याळातला एक ठरलेला आकडा इथे कामगार स्वतः मागत होते, कारण सगळ्यात जास्त त्रास अनिश्चिततेचा होता.

ठाण्याचा संबंध अर्थात रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी निघाली आणि ३४ किलोमीटरवर ठाण्यात येऊन थांबली, देशातली पहिली प्रवासी गाडी. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण गाडी आली म्हणजे टाइमटेबल आलं आणि टाइमटेबल आलं की प्रश्न आला, घड्याळ कोणाचं धरायचं? कारण मुंबईचा स्वतःचा टाइम होता, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि रेल्वेने पुढे धरला मद्रास टाइम, ५ तास २१ मिनिटांचा, म्हणजे बरोब्बर अर्ध्या तासाचा फरक. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनने मुंबईवर मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला, लोकांनी इतकी बोंबाबोंब केली की १८८३ मध्ये तो गुंडाळावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला साडेपाच तासांचा आजचा प्रमाणवेळ आला, मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे ढकलायची वेळ आली आणि गिरणी कामगार भडकले. भडकणारच, उद्यापासून तितकंच आधी उठायचं आणि ते सुद्धा कोणीतरी लांब बसून ठरवलं म्हणून! महापालिकेने तर बॉम्बे टाइम सोडलाच नाही, स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, तरी हा घोळ थेट १९५५ पर्यंत चालला.

आणि आज त्याच ठाण्यात लोक गाडीला नावच मिनिटाचं देतात. "आठ बाराची गेली का?", "सात सत्तेचाळीसला भेट". साडेसात-पावणेआठ ही भाषा रिक्षाला चालते, लोकलला नाही.

आता स्टॉपवॉच. ते आणलं फ्रेडरिक टेलरने, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये, १८८० च्या दशकात. काम बारीक तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून दिवसाचा कोटा ठरवायचा. १९११ मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यात बेथलहेम स्टीलमधल्या एका मजुराची गोष्ट आहे, जो आधी रोज साडेबारा टन लोखंड उचलायचा आणि टेलरच्या पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन उचलायला लागला, पगार मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. पुढे अभ्यासकांनी त्या गोष्टीत मीठमसाला बराच आहे हे दाखवून दिलं, पण समजा अगदी खरी धरली तरी हिशोब बघा ना, काम जवळपास चौपट आणि पैसे दीडपटीच्या जरा वर! त्याच वर्षी अमेरिकेतल्याच वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात मोल्डर लोकांनी, म्हणजे साच्यात धातू ओतणाऱ्या कामगारांनी, स्टॉपवॉच दिसताच काम टाकलं, प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं आणि तिथल्या सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला पुढे बरीच वर्षं बंदी होती. त्यामुळे घरात कोणी कोणाच्या मागे टायमर घेऊन फिरायला लागलं आणि समोरचा चिडला तर त्याला फार जुनी परंपरा आहे.

टेलरनंतर फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे नवरा-बायको. त्यांनी वेळेपेक्षा हालचालीकडे बघितलं. वीट रचताना गवंडी १८ हालचाली करतो त्या ५ वर आणल्या, मुख्य म्हणजे विटांचा ढीग कंबरेच्या उंचीवर आणला म्हणजे दर विटेला वाकायला नको. १९२४ मध्ये फ्रँक गेला, लिलियन स्वतः इंजिनिअर आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट, पण बाईला कारखान्यांची कामं मिळेनात म्हणून तिने स्वयंपाकघरं हातात घेतली, ओटा किती उंच, गॅस आणि सिंकमध्ये किती पावलं वगैरे. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याच्या मागे बरंचसं हे काम आहे.

इथपर्यंतचा सगळा धागा "लवकर" वाला. दुसरा धागाही १९२४ मध्येच सुरू होतो. वॉल्टर श्युहार्ट नावाच्या माणसाने, वेस्टर्न इलेक्ट्रिक ह्या टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीत, १६ मे १९२४ ला साहेबाला एका पानाची चिठ्ठी दिली. त्यात एक आलेख होता, मध्ये सरासरीची रेघ आणि वर-खाली एकेक मर्यादेची रेघ. म्हणणं असं की कुठलंही काम रोज थोडं इकडेतिकडे होणारच, त्यातला काही चढउतार त्या पद्धतीतच मुरलेला असतो आणि काही एखाद्या वेगळ्या कारणाने येतो, आणि या दोघांवर इलाज वेगवेगळा. मर्यादेच्या आतला आकडा असेल तर त्या एका दिवसाची कारणं शोधत बसू नका, बाहेर गेला तर मात्र शोधा.

हे आपल्याकडे लावून बघा. समजा कासारवडवलीहून ऐरोलीला जायचे दोन मार्ग आहेत. एकाला सरासरी ५० मिनिटं लागतात पण कधी ३५ तर कधी ८०, दुसऱ्याला सरासरी ५८ पण रोज ५५ ते ६२ च्या मध्ये. टायमरवाला पहिला निवडेल, ८ मिनिटं वाचली म्हणून खूश होईल. पण ऑफिसला वेळेत पोचायचं असेल तर त्याला घरातून ८० धरून निघावं लागतं, दुसऱ्याला ६२ धरून. म्हणजे "फास्ट" रस्त्यावाला रोज १८ मिनिटं आधी घर सोडतो आणि बऱ्याच दिवशी ऑफिसखाली चहाच्या टपरीवर उभा. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही म्हणा, गायमुखला एक कंटेनर बंद पडला की सरासरीचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. पण बंद पडलेला कंटेनर हे वेगळं कारण झालं, आणि माजिवड्याच्या नाक्यावर रोज संध्याकाळी जी कोंडी होते ती पद्धतीत मुरलेली, त्यावर "आज काय झालं होतं रे?" विचारण्यात अर्थ नाही.

श्युहार्टचा चेला म्हणजे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग, जो १९५० मध्ये जपानला जाऊन हेच शिकवून आला. तो सेमिनारमध्ये नरसाळं आणि गोटी घेऊन एक प्रयोग दाखवायचा. नरसाळ्यातून गोटी टाकायची, ती खुणेपासून जितकी लांब पडेल तितकं नरसाळं उलट्या दिशेला सरकवायचं, परत टाकायची. होतं काय, तर गोट्या आणखीनच पसरतात, नरसाळ्याला हात न लावता ठेवलं असतं तर जवळजवळ पडल्या असत्या. काल दहा मिनिटं उशीर झाला म्हणून आज दहा मिनिटं आधी निघणं, आज लवकर पोचलो म्हणून उद्या निवांत निघणं, हा डिट्टो तोच प्रकार.

भारतात हे यायला फार वेळ लागला नाही. आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून श्युहार्ट स्वतः १९४७-४८ च्या हिवाळ्यात इकडे येऊन फिरून गेला आणि त्यानंतर कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण रुजायला लागलं. ठाण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीची सुरुवात वागळे इस्टेटपासून, मग खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा, त्यामुळे ज्यांच्या घरात वडील किंवा काका त्या कंपन्यांत होते त्यांच्याकडे कंट्रोल चार्ट (श्युहार्टचा तो आलेखच), क्वालिटी सर्कल (सुधारणा सुचवणारे कामगारांचे गट), कायझन (रोज थोडीथोडी सुधारणा) हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकलेले असतात. नंतर १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीने सिक्स सिग्मा नावाची चढउतार आणि चुका कमी करायची पद्धत काढली, ते श्युहार्टचंच नवं कव्हर घातलेलं पुस्तक, त्यात फार शिरत नाही.

घरासाठी सगळ्यात कामाचा माणूस मात्र शिगेओ शिंगो हा जपानी इंजिनिअर. टोयोटामध्ये १००० टनी प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला ४ तास लागायचे. १९६९ मध्ये ते आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आलं, आणि त्यासाठी कोणी पळापळ केली नाही. मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम कोणतं आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येणारं कोणतं, एवढं वेगळं केलं.

माझी मोठी बहीण कळव्याला राहते, घणसोलीला कामाला, म्हणजे आधी ठाण्याला यायचं आणि मग २००४ मध्ये सुरू झालेली ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाणे-वाशी लोकल. तिने मध्यंतरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने दोनच वेळा लिहायला सुरुवात केली, गॅस बंद केला ती आणि दार ओढलं ती. मला वाटलं होतं पोळ्यांचा वेळ कमीजास्त होत असणार, ती म्हणाली, "अरे, पोळ्या घड्याळ लावल्यासारख्या होतात, वेळ सगळा झाकणात जातो." डब्याचं झाकण, आयकार्ड, छत्री, पोराची सही राहिलेली डायरी. काही दिवशी चार मिनिटं, काही दिवशी वीस. मग झाकणं डब्यावरच लावून ठेवणं, आयकार्ड पर्सच्या पट्ट्याला, सही रात्री जेवताना. पोळ्यांचा वेग आहे तोच आहे. आणि रात्री कणीक मळून भाजी निवडून ठेवणाऱ्या आपल्या आयांनी शिंगोच्या आधीपासून हेच केलं, त्यांच्या नावाने कुठला आलेख नाही एवढंच.

कुकरचं पण सांगतो कारण तो ठाण्याचाच विषय, हॉकिन्सचा एक कारखाना ठाण्यातच आहे. आपण शिट्ट्या मोजतो. पण गॅस किती मोठा, पाणी किती, कुकर किती भरलाय यावर दोन शिट्ट्यांमधला वेळ बदलतो, म्हणून तीन शिट्ट्यांत डाळ एके दिवशी मेण आणि एके दिवशी कच्ची. कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्यापासून मिनिटं दिलेली असतात, पूर्ण प्रेशर आलं की गॅस बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा. आत प्रेशर एकदा आलं की तापमान १२० अंशांच्या आसपास ठरलेलं राहतं, मग मिनिटंही रोज तीच लागतात. पुस्तिका वाचतं कोण हा वेगळा मुद्दा.

आता तर मोजायची मेहनत पण उरली नाही, फोन करतो. गूगल मॅप्समध्ये उद्या सकाळी अमुक वाजता निघणार असं टाकलं तर तो एक आकडा देतच नाही, "साधारण ४५ मिनिटं ते १ तास २० मिनिटं" असा पट्टा देतो. बहुतेक लोक त्यातला पहिला आकडा वाचतात आणि त्या हिशोबाने अलार्म लावतात.