६१७४ ही ‘कापरेकर संख्या’ नव्हे

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत यंदाही तेच. ‘प्रसिद्ध कापरेकर संख्या कोणती?’ उत्तर म्हणे ६१७४! मी हात वर केला, तर ‘काका, वाद नको’ म्हणून बसवलं. म्हणून आता इथे.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात : कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या. नाव एकच, त्यामुळे लोक दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात.

६१७४ हा स्थिरांक. तो बहुतेकांना पाठ असतो, म्हणून भरभर सांगतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच ठाण मांडतं, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. खुद्द कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घ्या : ९५१० − ०१५९ = ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. मोजून सात! फक्त पुढचं शून्य गिळू नका. २१११ मधून १११२ गेले की ०९९९, मग ९९९० − ०९९९. ते शून्य टाकून ‘माझं तर उत्तर ० आलं, नियम खोटा’ म्हणणाऱ्यांशी मी हल्ली बोलत नाही.

कापरेकर संख्येत यातलं काहीच नाही. अंकांची उलटापालट नाही, वजाबाकी नाही, फेऱ्या नाहीत. संख्येचा वर्ग करा, वर्गाचे दोन तुकडे पाडा, तुकड्यांची बेरीज करा. मूळ संख्याच परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. कापायचं कुठे? नेहमीचा नियम असा की संख्या जितक्या अंकी तितके अंक उजव्या तुकड्यात, उरलेले डावीकडे. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. माझी लाडकी ७७७७ : वर्ग ६०४८१७२९, आणि ६०४८ + १७२९ = ७७७७. (हो, गणिती रामानुजन यांच्या टॅक्सीच्या किश्श्यातलं तेच १७२९.) कुठेही कापायची मुभा दिली, तरी उजवा तुकडा निव्वळ शून्यांचा चालत नाही, नाहीतर १०, १०० सगळेच फुकटात आत घुसतील (१० चा वर्ग १००, आणि १० + ० = १०).

म्हणजे स्थिरांकात सुरुवातीच्या संख्येला काडीची किंमत नाही. कुठूनही निघा, मुक्काम एकच. कापरेकर संख्येला मात्र कुठे जायचंच नसतं. तिची एकदाच परीक्षा होते, तीही तिच्या स्वतःच्या वर्गावर, आणि पास होणाऱ्या पुष्कळ आहेत : ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३...

आता ६१७४ ला त्या परीक्षेला बसवा. वर्ग ३८११८२७६. ३८११ + ८२७६ = १२०८७. सपशेल नापास! २०२५ साली ‘हे वर्ष कापरेकर संख्या आहे’ असंही लोक एकमेकांना कळवत होते. अहो, मान ४५ चा, २०२५ हा नुसता तिचा वर्ग.

तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५, तोही परीक्षेत नापास (२४५ + ०२५ = २७०). दोन अंकी संख्यांना तर मुक्कामच नाही, त्या गोल फिरत राहतात : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. या रिंगणात ९ आणि ४५ या दोन खऱ्या कापरेकर संख्या येऊन बसल्यात, आणि नेमकं तिथे काहीच स्थिर होत नाही. पुढच्या वर्षी प्रश्न मी काढणार आहे, हाच.