रेटिनाचा स्ट्रोक: दीडशे वर्षांची दिरंगाई

एका डोळ्याची नजर काही सेकंदांत जाते आणि दुखत काहीच नाही. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, मुख्य धमनी बंद पडली, की बहुधा असेच होते. दुखत नाही म्हणून माणूस सकाळपर्यंत थांबतो, आणि घात तिथेच होतो.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या ऑफ्थॅल्मोस्कोप या उपकरणामुळे 1851 पासून जिवंत डोळ्याचा तळ पाहता येऊ लागला. 1859 मध्ये नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णाच्या हृदयाच्या अस्तराला दाह होता. तिथून सुटलेली गुठळी धमनीत अडकली होती. मूळ रक्ताभिसरणात आहे हे तेव्हाच दिसले होते, तरी उपचार शंभरावर वर्षे डोळ्याभोवतीच फिरले. मिटलेल्या पापणीवर दहा-पंधरा सेकंद दाब देऊन तो एकदम सोडायचा, किंवा सुईने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले 0.1 ते 0.2 मिलिलिटर पाणी काढायचे. आतला दाब उतरला, की गुठळी पुढे सरकेल, असा हिशोब. प्रत्यक्षात 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात अशा उपायांनंतर 7.4 टक्के, तर काहीच न केलेल्यांपैकी 17.7 टक्के रुग्णांची नजर सुधारली!

वेळेची मर्यादा नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हायरे यांच्या माकडांवरील प्रयोगांतून कळली: धमनी बंद झाल्यापासून 97 मिनिटांपर्यंत रेटिना सावरतो, 240 मिनिटांनी मोठी, कायमची हानी झालेली असते. युरोपातल्या ईगल चाचणीत (2010) गुठळी विरघळवणारे औषध थेट धमनीत सोडले, पण नजर जाऊन 20 तासांपर्यंत झालेले रुग्णही घेतले. फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र 37.1 टक्के रुग्णांत. साध्या उपचारांच्या गटात ते 4.3 टक्के होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2021 मध्ये या आजाराला स्ट्रोकच्याच रांगेत बसवले. 4.5 तासांच्या आत, मेंदूत रक्तस्राव नसल्याची स्कॅनने खात्री करून, शिरेतून औषध देण्याचा विचार होतो. त्याचा पुरावा अजून पक्का नाही.

निदानात एक ठरलेली चूक होते. पांढुरका रेटिना आणि मधला चेरीसारखा लाल ठिपका उमटायला काही तास लागतात. सुरुवातीला तळ जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो. म्हणून आधी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवून पाहावा: बाधित डोळ्यावर प्रकाश आला, की बाहुल्या आकसण्याऐवजी रुंदावतात. पन्नाशीपुढच्या रुग्णाला डोकेदुखी किंवा चावताना जबडा दुखणे असेल, तर ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या तातडीने कराव्यात; धमनीदाहाचा (धमन्यांना येणाऱ्या सुजेचा) संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करतात, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो. वेळ टळून गेली तरी मानेच्या रक्तवाहिन्या आणि हृदयाची तपासणी त्याच दिवशी हवी, कारण मेंदूच्या स्ट्रोकचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो.