बंदीचा कागद आणि वाचनालयाचं कपाट

पुस्तकावर बंदी आली की वाचनालयातल्या प्रतीचं काय होतं? कायद्याचं उत्तर रोखठोक आहे: ‘प्रत्येक प्रत’ सरकारजमा. म्हणजे दुकानातली आणि वाचनालयातलीही.

नागपूरला ही भाषा जुनी. माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये इथून ‘हिंदी केसरी’ काढला आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाखाली त्यांना अटक झाली. स्वदेशी आणि बहिष्कारावरची त्यांची पुस्तिकाही जप्त झाली. १९१० च्या प्रेस कायद्याने जप्तीला आणखी धार आणली. तो कायदा १९२२ मध्ये गेला खरा, पण पुस्तकं जप्त करण्याचा अधिकार जाता जाता फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ९९-अ म्हणून शिरला. १९७३ च्या संहितेत तो कलम ९५ झाला, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ९८ आहे. राज्य बदललं, कलमाचा फक्त नंबर बदलला. दाद मागायची वाट मात्र तेव्हापासून आहे: दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालय, समोर तीन न्यायमूर्ती.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं प्रकरण याच वाटेने गेलं. २००४ ची बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. पण ५ जानेवारी २००४ ला, लेन यांना मदत केल्याच्या रागातून, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, तेव्हा प्रकाशकाने पुस्तक आधीच मागे घेतलं होतं. फुटली ती कपाटं, जिथे दुसऱ्यांचीच हस्तलिखितं होती.

आपल्याकडे खरी बंदी बहुतेकदा कागदाविना येते. एका वाचनालयात (नाव कशाला) मी एक पुस्तक मागितलं. दाखल नोंदवहीत नोंद होती, क्रमांक होता. ग्रंथपाल म्हणाले, “बाइंडिंगला गेलंय.” आठ महिने बाइंडिंग! त्याहून सोपी युक्ती निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतूनच काढून टाकण्याची: शेरा ‘जीर्ण’, आणि विषय संपला. त्यांना तरी किती दोष द्यायचा? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाचा वर्ग (दर्जा) आणि अनुदान शासनाच्या हाती. अमेरिकेत ग्रंथालय संघटनेने १९३९ मध्येच वाचकाच्या हक्कांचा जाहीरनामा केला होता, तसं पाठबळ आपल्या ग्रंथपालाच्या मागे नसतं. पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशामकांची कादंबरी, ‘फॅरनहाइट ४५१’, अमेरिकी लेखक रे ब्रॅडबरी यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टंकलेखन यंत्रावर लिहिली. पुस्तक वाचवायला त्यांच्या कथेत माणसं ते पाठ करतात.

इथे माणसं ते विकत घेतात. बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ सरकारने १९८७ मध्ये छापलं आणि वाद पेटला. अमरावतीत त्याच्या प्रती जाळल्या गेल्या, वादग्रस्त भाग वगळायचं घाटत होतं. १९८८ च्या मोर्च्यांनंतर तो राहिला, शासन या मतांशी सहमत असेलच असं नाही अशा अर्थाच्या टिपेसह. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. गावी परतणाऱ्यांच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली जाडजूड खंड दिसतात. तिथे कुणी टीप आधी वाचत नाही.