अंगावरचं पित्त आणि पोटातलं पित्त

अंगावर लाल गांधी उठल्या की आपण म्हणतो पित्त उठलं, आणि छातीत जळजळून आंबट ढेकर आले तरी पित्तच झालं म्हणतो. गोळ्या दोन्हीच्या वेगळ्या, पण दोन्हीकडे हिस्टामिन नावाच्या एकाच रसायनाचा हात असतो, हे मला कळलं तेव्हा खूप भारी वाटलेलं.

त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत मास्ट पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामिनच्या बारीक पुड्या भरलेल्या. ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे त्याने ती खाल्ली की पुड्या फुटतात, हिस्टामिन बाहेर पडून शेजारच्या पेशींवरच्या एच-१ रिसेप्टरवर (म्हणजे निरोप घेणाऱ्या कुलपासारख्या जागेवर) जाऊन बसतं, मग बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातनं पाणी झिरपून गांध येते, खाज सुटते, नाक गळतं, शिंकांवर शिंका. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी हिस्टामिनला नष्ट करत नाही बरं का, ती रिसेप्टरवरची जागा धरते आणि त्याला बंदच ठेवते. म्हणून धुळीची ॲलर्जी असेल तर माळा झाडायला घेण्याआधी घेतलेली गोळी जास्त कामाची.

हिस्टामिनला असं अडवणारं पहिलं औषध, म्हणजे अँटीहिस्टामिन, १९३७ साली पॅरिसमध्ये डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब यांनी शोधलं, ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, पण वाट सापडली. बोव्हेंना १९५७ चं नोबेल मिळालं.

आता झोपेचं. मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. एव्हिल, सीपीएम (क्लोरफेनिरामिन) अशी ॲलर्जीची जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात म्हणून डोळे मिटायला लागतात, फेक्सोफेनाडिन या नव्या औषधाला मात्र मेंदूच्या दारातले पंप बाहेर ढकलतात त्यामुळे झोप जवळजवळ येतच नाही. सेट्रिझिन मधली, काहींना चांगलीच गुंगी येते, म्हणून ती घेऊन लगेच बाईक काढू नका. साध्या व्हायरल सर्दीत नुसत्या सेट्रिझिनचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे मुख्य काम हिस्टामिनचं नसतंच.

पोटात एच-२ रिसेप्टर असतात, तिथे हिस्टामिन ॲसिड सोडायला सांगतं. हे रिसेप्टर अडवणारं, जेम्स ब्लॅक यांच्या टीमचं सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आलं आणि अल्सरच्या कितीतरी पेशंटची ऑपरेशनं टळली, ब्लॅकना १९८८ चं नोबेल मिळालं. आजचं फॅमोटिडिन त्याच घरातलं. पँटोप्राझोल मात्र अँटीहिस्टामिन नाही, ते ॲसिडचा पंपच बंद करतं.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. ॲलर्जीत ओठ-जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, चक्कर आली तर सेट्रिझिन देऊन वाट बघत बसू नका, तिचा परिणाम दिसायला तासभरही लागू शकतो आणि घशाची सूज, पडलेलं बीपी तिने आवरत नाही. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, आणि तेही काही मिनिटांत, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठा.