अंग बाहेर येणं: सैल पडलेल्या धाग्यांची गोष्ट

गर्भाशय आधार सुटून खाली घसरतं आणि योनीतून बाहेर येतं, त्या दुखण्याचं नाव आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे कुणी घेत नाही. 'अंग बाहेर येतंय' एवढंच, तेही दार लोटून. माझी मावशी फडक्याची घडी बांधून लावणीच्या चिखलात उतरायची. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा बाहेर आलेला भाग टाचेसारखा कोरडा, निबर झाला होता आणि टोकाला जखम होती. आतलं मऊ, ओलसर अस्तर कपड्याला घासत राहिलं की त्वचेसारखं जाड होतं. लोंबत्या भागात रक्त साकळतं, पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि जखम चिघळते.

सुश्रुतसंहितेतल्या वीस योनिव्यापदांत, म्हणजे योनीच्या विकारांत, 'प्रस्रंसिनी' आहे, म्हणजे घसरणारी. तूप लावून, दुधाचा शेक देऊन आत बसवा आणि बांधा, असा उपाय तिथे दिलाय. मावशीची जखमही भाग आत बसवून औषधी पट्टी ठेवल्यावरच भरली. ग्रीक वैद्य मात्र बाईला शिडीला उलटं बांधून हिसके देत. वाचतानाही अंगावर काटा येतो.

मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये लांबलेलं गर्भाशयमुख कापून आधार आवळण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यात पुढे सुधारणा करणाऱ्यांत आपल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर होते. जग त्यांना गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यामुळे ओळखतं. मला त्यांचं दुसरं काम तितकंच मोठं वाटतं: मूल हवं असलेल्या तरुण बाईचं गर्भाशय न काढता ते पट्टीने मागच्या हाडाकडे बांधून घेणं.

आधार मुळात ढिला का पडतो, याकडे सूक्ष्मदर्शक वळला तो फार उशिरा. या ऊतींत कोलॅजनचे, म्हणजे बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचे, दोन मुख्य प्रकार असतात, त्यांना क्रमांकाने पहिला आणि तिसरा म्हणतात. पहिला जाड, दोरखंडासारखा. तिसरा बारीक, ताणला जाणारा. अंग बाहेर आलेल्या बायकांत तिसऱ्याचं प्रमाण वाढलेलं अनेक अभ्यासांत दिसलं, सगळ्यांत नाही. लवचीकपणा देणाऱ्या इलॅस्टिन या प्रथिनाची वीण बिघडते, गुळगुळीत स्नायू विरळ होतात. बाळंतपणात कधी कधी ओटीपोटाच्या तळाचा स्नायू हाडापासून सुटतो, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं. कमकुवत ऊतींच्या जागी कृत्रिम जाळी बसवून पाहिली. ती रुतून, बाहेर येऊन इतका त्रास झाला की अमेरिकेत २०१९ मध्ये योनिमार्गातून बसवायच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवावी लागली.

तपासणीसाठी ऊतीचा तुकडा बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या वेळीच घेतला जातो. तोवर अंग वर्षानुवर्षं लोंबलेलं असतं. धागे आधीच कच्चे होते की ओढ सोसून झाले, हे त्या तुकड्यावरून उलगडत नाही.