ग्लुकोमीटर तक्त्यासाठी आणण्यापूर्वी

वेंगुर्ल्यातील आमच्या दुकानातून ग्लुकोमीटर, म्हणजे घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र, घेतलेल्या ग्राहकांना त्यातील नोंदींचा तक्ता आम्ही छापून देतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. डॉक्टरांची भेट उद्यावर आली की आज संध्याकाळी मीटर घेऊन येणारे पुष्कळ असतात, आणि तक्ता हातोहात का मिळत नाही, असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. छपाईला पाच मिनिटेही लागत नाहीत. वेळ जातो तो मीटरचे चुकलेले घड्याळ निस्तरण्यात.

सेल बदलला की अनेक मीटरमधील तारीख व वेळ पुसली जाते. साखरेचा आकडा मात्र पूर्वीसारखाच दिसत राहतो, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका मीटरमध्ये दुपारी चारला 118 आणि रात्री साडेबाराला 212 अशा नोंदी दिवसामागून दिवस होत्या. रात्रीचे जेवण जड होत असावे, असे कोणीही म्हटले असते. प्रत्यक्षात मीटर साडेनऊ तास पुढे होते. 118 ही सकाळी साडेसहाची उपाशीपोटीची साखर होती आणि 212 ही दुपारी तीनची, म्हणजे उकड्या तांदळाच्या भातानंतरची. एवढाच फरक असेल तर तो वजा करता येतो. परंतु मध्ये दोनदा सेल काढून घातलेला असला, तर कोणत्या नोंदीतून किती तास वजा करायचे, हे घरी फोन करून विचारत बसावे लागते. अंदाजाने तक्ता छापून देणे आम्हाला पटत नाही, मग ग्राहक थोडे रागावले तरी चालेल.

वेळेचा एवढा आग्रह धरण्याचे कारण असे की सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. दिवसाच्या त्याच वेळी निदान तीन दिवस साखर एकाच बाजूला झुकलेली दिसली, तरच डॉक्टरांना आहार, चालणे किंवा औषधाची वेळ यांविषयी विचार करता येतो. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी 80 ते 130 आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांच्या सुमारास 180 च्या आत, हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. वयस्कर रुग्णांसाठी डॉक्टर ते सैल करतात. तीन महिन्यांची म्हणून जी एचबीएवनसी तपासणी होते, ती सरासरीचा अंदाज देते, त्यामुळे चढ आणि उतार एकमेकांत झाकले जातात. साखर 70 च्या खाली गेली, तर मात्र तक्त्याची वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

रोज केवळ उपाशीपोटी तपासणाऱ्यांना आठवड्याला सात स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब घेण्याच्या पट्ट्या, लागतात. तेवढ्याऐवजी सहाच स्ट्रिपमध्ये तीन जोड्या होतात: एक दिवस न्याहारीच्या आधी व नंतर, एक दिवस दुपारच्या आणि एक दिवस रात्रीच्या जेवणाच्या. स्ट्रिप खपवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही, हे या हिशेबावरून दिसेलच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी अर्थात डॉक्टरांनी ठरवून दिलेला क्रमच पाळावा.

आंब्याच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. आंब्याच्या फोडी केल्यावर त्याच बोटाचा थेंब घेतला, तर बोटाला लागलेल्या रसाचा गोडवा मोजला जातो आणि आकडा भलताच वर जातो. सॅनिटायझर चोळणे पुरेसे नाही; हात पाण्याने धुऊन कोरडे करावेत. पावसाळ्यात स्ट्रिपच्या डबीचे झाकण उघडे ठेवू नये, ओल लागलेली स्ट्रिप भरवशाची राहत नाही.

तक्ता हवा असल्यास भेटीच्या दोन दिवस आधी मीटर आणावे आणि सेल केव्हा बदलला ती तारीख चिठ्ठीवर लिहून आणावी. सेल संपत आला असेल, तर घरी न बदलता मीटर दुकानात आणणे उत्तम. सेलची तेवढी किंमत घेतो, घड्याळ लावून देण्याचे काही घेत नाही.